‘तू आहेस की चालवायला!’

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

लिहिणारी ४६ वर्षांची, कोल्हापुरात एका सहकारी बँकेत नोकरीला. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा शिकायला पुण्याला गेलाय. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचं राजारामपुरीत साड्यांचं दुकान आहे. ‘एकदा आपल्या गाडीनं लेहला जायचं’ हे दोघींचं फार जुनं ठरलेलं. यंदा जुलैमध्ये पंधरा दिवसांची रजा टाकून निघायचं, इथवर गोष्ट आली आहे. गाडी लिहिणारीची, छोटी, पेट्रोलची, पाच वर्षं जुनी. चौथ्या दिवशी मनाली, पाचव्या रात्री सरचू, सहाव्या दिवशी लेह असा बेत वहीत मांडून झालाय. पेट्रोल आणि टोल मैत्रिणीकडे, गाडी चालवणं लिहिणारीकडे. घरचे म्हणतात, दोघी बायकाच एवढ्या लांब कशा जाणार, ड्रायव्हर घेऊन जा. प्रश्न दोन: दोघींनीच जाणं सुरक्षित आहे का, आणि छोटी गाडी तिथवर चढेल का. सहीच्या खाली ता. क. आहे: ‘मैत्रिणीकडे लायसन्स आहे, पण ती स्टेअरिंगला हात लावत नाही. (एकदा पार्किंगमध्ये गाडी खांबाला घासली, तेव्हा तिचे मिस्टर शेजारी बसून फार बोलले होते.) विषय काढला की म्हणते, तू आहेस की चालवायला! मला आता आतून राग यायला लागलाय. तिला न दुखावता कसं सांगू?’

ताई,

दोन प्रश्न तुम्ही आकडे घालून विचारलेत आणि तिसरा सहीच्या खाली, जागा उरली म्हणून टाकावा तसा. मी खालूनच सुरुवात करते, कारण वरच्या दोन्हींची उत्तरं त्या तिसऱ्यात अडकली आहेत.

आधी वहीतला हिशोब तपासू. आपला ४८ नंबरचा हायवे, म्हणजे शिरोली नाक्यावरून जातो तोच, पुणे, मुंबई, वडोदरा, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीला पोचतो. हे अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास. दिल्ली ते मनाली आणखी सव्वापाचशे-साडेपाचशे. मनाली ते लेह सव्वाचारशेच्या वर. म्हणजे एका बाजूचे झाले २,६०० ते २,७००. जाऊन-येऊन ५,३०० धरा, नुब्रा आणि पँगाँग केलं की सहा हजारांना टेकतात. नुसत्या जाण्या-येण्याला पंधरा दिवसांनी भागलं तरी रोज ३५० किलोमीटर, एकही दिवस न थांबता. आणि तुमच्या बेतात पहिले चार दिवस तर रोज साडेपाचशे आहेत, तेही एकटीनं. समोर कर्जाचं प्रकरण असं मांडून आलं असतं तर तुम्ही ते सहीला पुढे जाऊच दिलं नसतं.

हा बेत वहीत लिहिताना तुम्हाला हे दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. दिसलं असणार. पण ‘एवढं मला जमणार नाही’ म्हणायचं तर लगेच ‘मग अर्धं तू चालव’ म्हणावं लागतं, आणि ते तर बोलता येत नाही. म्हणून आकडे तसेच राहिले आणि राग साठत गेला.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. पत्राच्या सुरात ती जरा आरामखाऊ वाटते: ती पैसे टाकणार, शेजारी बसून फोटो काढणार, तुम्ही घाटात घाम गाळणार. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की ती दुकान एकहाती चालवते, माल आणायला एकटी सुरतेला जाते, जीएसटीचं स्वतः बघते. अशी बाई कष्टाला भिऊन स्टेअरिंग सोडत असेल, हे काही पटत नाही. कंसात घातलेलं तुमचं वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाडी खांबाला घासली, शेजारचा माणूस बोलत राहिला, आणि त्यानंतर तिनं गाडी चालवलीच नाही. आपल्याकडे अशा किती बायका आहेत! लायसन्स कपाटात, कागदपत्रांच्या फाइलमध्ये, आणि स्वतः डाव्या बाजूच्या सीटवर. ‘तू आहेस की’ हे वाक्य लाडातलं वाटतं, पण त्याच्या मागे ‘मला परत कुणाचं ऐकून घ्यायचं नाही’ असं असू शकतं. आणि पेट्रोल-टोलचा सगळा भार तिनं आपणहून उचलला, तो त्याचीच भरपाई म्हणून, अशी मला शंका येते. माझा अंदाज चुकीचाही असेल. तिला तुम्ही पंचवीस वर्षं ओळखता, मी एका पत्रापुरती. पण रागानं बोलायच्या आधी हा अंदाज एकदा पडताळून बघा.

कसं? व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको, आणि दोन्ही घरांची मंडळी जेवायला एकत्र बसली असतानाही नको. रविवारी पहाटे तिला घेऊन बाहेर पडा. रंकाळ्यावर चहा प्या आणि सरळ सांगा, ‘सहा हजार किलोमीटर मला एकटीला झेपणार नाही. अर्धे तू चालवलेस तरच जाऊ.’ ‘तू शिकून घे’ असं म्हणू नका. तो सूर तिनं ऐकलेला आहे. तुम्हाला मदत हवी आहे ही खरी गोष्ट आहे, तेवढीच सांगा. मग किल्ली तिच्या हातात द्या आणि विद्यापीठाच्या बाजूचा मोकळा रस्ता गाठा.

आणि इथून पुढचं काम तिच्यापेक्षा तुम्हाला अवघड आहे. शेजारी बसून गप्प राहायचं. दाराच्या वरचा हँडल गच्च धरायचा नाही. आपल्या पायाखालच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा नाही. बाजूला बसलेल्या माणसाचा तो पाय चालवणाऱ्याला दिसतो आणि तिचा हात थरथरायला लागतो. गिअर कधी बदलायचा ते तिचं तिला कळू दे. गाडी बंद पडली तर पडू दे, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. तुम्हाला हे जमेल असं वाटत नसेल तर पंधरा दिवसांसाठी एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलची, दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी लावा. बाई शिकवणारी मिळाली तर उत्तमच. लायसन्सची मुदत संपली नाही ना, तेही याच आठवड्यात बघून घ्या.

हात बसला की मग घाट. आपल्याला घाट शिकायला मनालीला जायची गरज नाही, नशीबवान आहोत. आधी पन्हाळा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. रविवारी तिथे गर्दीच शिकावी लागते. मग गगनबावडा. तिथून करूळ नाहीतर भुईबावडा उतरायचा, खाली चहा घ्यायचा आणि तोच घाट चढून परत यायचं. चढताना जो गिअर लागला, उतरतानाही तोच ठेवायचा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पावसाळ्यात गगनबावड्याला धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसतात. अशा एखाद्या दिवशी ती तुम्हाला खाली घेऊन गेली, तर पुढचं निम्मं काम झालं. हायवेची सवय निपाणीच्या पुढे तवंदी घाटात होईल. उतारावर मागून ट्रक येतो तेव्हा आपली लेन धरून राहायचं, घाबरून मध्येच ब्रेक मारायचा नाही, हे तिथे चांगलं कळतं.

त्यानंतर रंगीत तालीम: कोल्हापूर ते हंपी आणि परत. बेळगाव, हुबळी, गदगवरून जाताना साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतात, मध्ये एक दिवस हंपीत. दोन-दोन तासांनी स्टेअरिंग बदलायचं. या तीन दिवसांत गाडी चालवण्याहून वेगळ्याही गोष्टी कळतील: ती किती वाजता उठते, एसी किती थंड लागतो, भूक लागल्यावर कोण चिडतं, कुणाला गाणी लागतात आणि कुणाला शांतता. पंचवीस वर्षांची मैत्री असली तरी तुम्ही दोघी सलग तीन दिवस एका गाडीत कधी होतात? लग्नाआधी असाल कदाचित.

आता घरच्यांचा ड्रायव्हर. ही सूचना तुम्हाला अपमानासारखी लागलीय, ते दिसतंय. पण राग बाजूला ठेवून बघितलं तरी मला ती फारशी पटत नाही, आणि कारण साधं आहे. कोल्हापूरचा ड्रायव्हर कोल्हापूर ते दिल्ली छान नेईल, पण मनालीच्या पुढच्या बारालाचा खिंडीत तो तुमच्याइतकाच नवखा असतो. त्याला दमही तितकाच लागतो, आणि ‘दमलो’ म्हणायला तो तुमच्याहून जास्त लाजतो. शिवाय सगळा वेळ गाडीत तिसरं माणूस. तुमच्या गप्पांचं मग काय होणार ते सांगायला नको. ड्रायव्हर घ्यायचाच तर डोंगरातला घ्या, मनालीहून किंवा लेहहून, आणि त्याच्याच गाडीत बसा.

यावरून तुमच्या पत्रातला आणखी एक धरून चाललेला मुद्दा. ‘आपल्या गाडीनं गेलं तरच ते खरं.’ का हो? हे वाक्य दोघींनी विशीत ठरवलेलं आहे, तेव्हा गाडी हीच मोठी गोष्ट होती. आता तुम्हाला नेमकं काय हवंय? स्वतः चालवत एवढं अंतर कापल्याचं समाधान हवंय, की लडाख बघायचंय, की घरापासून लांब, कुणी ‘अगं, डबा कुठाय’ न विचारता मैत्रिणीबरोबर राहायचंय? तिन्ही रास्त आहेत, पण तिन्हींचे रस्ते वेगळे. लडाख बघायचं असेल तर आपल्या टर्मिनसवरून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला आठवड्याची रेल्वे आहे, पुढचा प्रवास तिकडच्या टॅक्सीनं होतो. चालवायचं असेल आणि रजा पंधराच दिवस असेल, तर आंबोली उतरून गोवा, कारवार, मुरुडेश्वर, मंगळूर, केरळ करत समुद्राच्या कडेनं कन्याकुमारी. जायचे साडेबाराशे किलोमीटर म्हणजे पंधरा दिवसांत रमत-गमत होतं, हवा विरळ होण्याची भानगड नाही आणि दोघींना निम्मं-निम्मं चालवता येतं. लेहलाच, स्वतःच्याच गाडीनं जायचं असेल तर मात्र तीन आठवडे हे कमीत कमी. चोवीस-पंचवीस दिवस मिळाले तर जिवाला बरं.

माझं मत विचाराल तर: यंदा दिवाळीनंतर कन्याकुमारी, पुढच्या वर्षी लेह. तोवर तिचा हात बसेल आणि तुमची रजा साठेल.

जुलै तर कुठल्याही परिस्थितीत नको. जुलै-ऑगस्टात आपल्याच दारातला हायवे पंचगंगेच्या पुरानं बंद होतो, हे २०१९ आणि २०२१ साली आपण बघितलंय. तुम्ही शिरोलीलाच अडकायच्या. तिकडे हिमाचलातही त्याच दिवसांत दरडी कोसळतात, २०२३ च्या जुलैत बियास नदीनं कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी तोडून नेला होता. सप्टेंबर चांगला. पाऊस ओसरलेला असतो, रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी कमी झालेलं असतं, आणि मनालीचा रस्ता अजून बर्फानं बंद झालेला नसतो. आपल्या बायकांची अडचण अशी की गौरी-गणपती सोडून निघता येत नाही आणि नवरात्रात कोल्हापूर सोडवत नाही. मग मधला पितृपंधरवडा उरतो. घरातलं श्राद्ध करून निघा. त्या दिवसांत लग्नं नसतात, पाहुणे नसतात, साड्यांच्या दुकानातही सामसूम असते. ‘पितृपंधरवड्यात कुठे प्रवासाला निघतात का’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना हवामानाचा तक्ता दाखवा. फक्त अधिक मास येऊन सण पुढे सरकलेले असतील त्या वर्षी हे गणित बसत नाही, कारण पंधरवडा ऑक्टोबरात जातो आणि खिंडींमध्ये बर्फ पडायला लागतो. शिवाय पंधरवड्यात पंधराच दिवस, आपल्याला हवेत चोवीस. पुढचे-मागचे दिवस जोडताना सणाची एखादी बाजू घरच्यांवर सोपवावी लागेल. ते त्यांना जमतं. आपण सोपवत नाही, एवढंच.

आता उंचीचं. गाडी चढेल का, असं तुम्ही विचारलंत. गाडीच्या आधी तुम्ही चढाल का, ते बघायला हवं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-एक मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटरवर. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांश. ज्या सरचूला तुम्ही पाचवी रात्र काढणार आहात ते त्याहून वर, ४,२९० मीटरच्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. मनाली दोन हजारांवर, आणि तिथून दुसऱ्याच रात्री सरचू: डोकं ठणकणं, मळमळ, रात्रभर झोप नाही, हे जवळपास मागून घेतल्यासारखं. त्यावर सकाळी उठून ५,३२८ मीटरची टांगलांग खिंड ओलांडायची, आणि चालवणारी एकटी.

म्हणून जाताना श्रीनगरकडून जा. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत, कारगिल २,७०० च्या आत, मग लेह. शरीराला पायऱ्या मिळतात. अडीचशेएक किलोमीटर जास्त पडतात, पडू देत. काश्मीरकडची परिस्थिती निघायच्या आठवड्यात बघून घ्या. येताना मनालीकडून उतरा, तोवर अंगाला सवय झालेली असते. मनालीकडूनच चढायचं ठरलं तर केलांग नाहीतर जिस्पाला दोन रात्री काढा आणि सरचूचा तंबू रद्द करा. लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीही करायचं नाही. बाजारात फिरायचंही नाही, कितीही बरं वाटत असलं तरी. दम लागणं, तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी खोकला आणि धाप, असं काही दिसलं तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. लगेच खालच्या उंचीवर उतरायचं किंवा दवाखाना गाठायचा. लेहमध्ये सरकारी एसएनएम हॉस्पिटलला असे रुग्ण रोजचे आहेत.

तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांना मार्ग आणि मुक्कामांची उंची लिहून दाखवा. उंचीचा त्रास टाळायला देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही, सल्फाची ॲलर्जी आहे का, आहेत त्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे त्यांनी ठरवायचं. मेडिकलवाल्यानं नाही, आणि आधी जाऊन आलेल्या भाचीनं तर नाहीच.

गाडी चढते हो. छोट्या गाड्या दर वर्षी जातात. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, चढाला एक गिअर खाली लागतो, बाकी काही नाही. अडचण येते ती खालून घासण्याची. नाले सकाळी लवकर ओलांडा; ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी त्याच नाल्याला दुप्पट पाणी असतं. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या विम्यात बसत नाही, त्याचं वेगळं कलम असतं. ते विम्याच्या कागदावर आहे का बघा, नसेल तर घ्या. ब्रेक पॅड, टायर, कूलंट, बॅटरी तुमच्या नेहमीच्या फिटरकडून निघायच्या पंधरा दिवस आधी बघून घ्या, आदल्या दिवशी नको. नवीन टाकलेला भाग काही दिवस चालवून बघायला हवा. स्टेपनी बदलायला दोघींनी शिका. पेट्रोलसाठी तांदीचा पंप लक्षात ठेवा. तिथली ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. लेहकडून उतरत असाल तर हेच उलटं: कारूला टाकी काठोकाठ भरायची.

(नुब्राच्या वाटेवर खारदुंग ला ही खिंड लागते. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. मोजलेली उंची १७,५८२ फूट आहे. फोटो काढा, पण बँकेत सांगताना खरा आकडा सांगा.)

दोघी बायकांच्या सुरक्षिततेबद्दल घरचे बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर अनोळखी पुरुष असतो. अगदीच खोटी भीती नाही, पण या प्रवासात त्याहून मोठा धोका आहे तो रात्री आठनंतर, सपाट, सरळ, कंटाळवाण्या चौपदरी रस्त्यावर पेंगणाऱ्या चालकाचा. दोन्ही धोक्यांवर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. दिवसाला चारशेच्या वर जायचं नाही. मुक्काम हायवेच्या कडेला एकट्या उभ्या हॉटेलात नको, गावात हवा, आणि आधी ठरवलेला. अडचणीला ११२, हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३, हे दोन्ही नंबर दोघींच्या फोनमध्ये. घरी रोज एकदाच, मुक्कामाला पोचल्यावर फोन करायचा, ही वेळ आधी सांगून ठेवा. नाहीतर दिवसभर ‘कुठं पोचलीस’ चालतं आणि रेंज गेली की इकडे घर डोक्यावर.

पैशांची वाटणी मात्र मोडा. ‘पेट्रोल तुझं, चालवणं माझं’ यात ती पैसे मोजत राहील आणि तुम्ही किलोमीटर. दोघींनी सारखी रक्कम एका पाकिटात, आजच्या भाषेत एका यूपीआय खात्यात, टाका आणि सगळा खर्च त्यातून. टोलचंही बघून ठेवा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, पुण्याला पोचेपर्यंतच चार नाके. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. तो ३,००० रुपयांना सुरू झाला, त्यात राष्ट्रीय महामार्गांवरच्या २०० फेऱ्या. लेहसारख्या प्रवासाला तो परवडतोच. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला चालत नाही.

आणि एक गोष्ट इथेच, कोल्हापुरात, कागदावर ठरवून टाका. वाटेत दोघींपैकी एकीनं ‘मला पुढे नको’ म्हटलं तर दोघी थांबणार, कारण न विचारता. डोकं दुखतंय की भीती वाटतेय की घरची आठवण येतेय, हे खाली उतरल्यावर बोलायचं. एवढे पैसे घातलेत, एवढ्या लांब आलोय, लोक काय म्हणतील, असे सगळे मुद्दे त्या उंचीवर फार पटणारे वाटतात. मोटारसायकलवर निघणाऱ्या पोरांचीही पत्रं या सदराकडे येतात, त्यांनाही हेच. त्यांच्यासाठी एवढंच जास्तीचं की सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवा. वेगवान मागे राहिला तर चुकामूक होत नाही, आणि सावकाश चालवणारा जीव काढून पाठलाग करत नाही.

तिनं साफ नकारच दिला तर? रविवारी पहाटेचा चहा झाला, किल्ली हातात दिली, आणि ती म्हणाली, नाही, माझ्यानं होणारच नाही. तर तो नकार मान्य करा आणि गाडी घरी ठेवून रेल्वेनं जा. एकटीनं चालवत लेह करू नका, तिच्या समाधानासाठी तर नाहीच. पण मला वाटतं ती एकदा सीटवर बसेल. कदाचित पहिल्याच दिवशी रंकाळ्याला पूर्ण चक्कर मारेल आणि तुम्हालाच घरी सोडेल.

जायचं पक्कं झालं की दोघींपैकी निदान एकीचं सिम पोस्टपेड करून घ्या. बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत. रजेचा अर्ज त्याच्याही आधी. बँकेत चोवीस दिवसांची सलग रजा मागायला घाटापेक्षा जास्त धीर लागतो, हे मला माहीत आहे.